मी आखलेली जाळरेषा

अंक काढणाऱ्या मंडळींनी निरोप धाडला की तात्या, तुमची हयात रानात गेली, बिबट्याचे, रानडुकराचे चार किस्से लिहून द्या, लोकांना वाचायला मजा येते. मला मजेचं लिहिता येणार नाही. बिबट्या मी आठ-दहा वेळा पाहिला आणि दर वेळी तोच आधी पळाला. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. मला आयुष्यात भीती वाटली ती दोनच गोष्टींची, आगीची आणि पाण्याची. दोन्हींत माझा स्वतःचा हात होता. तेवढंच लिहितो. छापायचं तर छापा.

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. चौथीत मास्तरांशी भांडून शाळा सोडली. चूक मास्तरांची होती, हे मी आजही सांगेन. हे लिहिणं सून उतरवून घेते आहे. शुद्धलेखन तिचं, वाक्यं माझी. एखादं वाक्य तिनं गोड केलं की मी परत वाचायला लावतो आणि खोडायला लावतो.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, कुडपणच्या अंगाला. मी वनखात्यात मजूर होतो. लोकांना वाटतं वनखातं म्हणजे बंदूक आणि शिट्टी. माझ्या हातात कोयता, फावडं आणि हिरव्या डहाळ्या. पावसाळ्यात रोपं लावायची, आणि दिवाळी झाली की जाळरेषा काढायच्या. जाळरेषा म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला सांगतो. डोंगरावरचं गवत पौषात वाळून कडक होतं. एका बाजूला पेटलं की दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून मध्ये दोन पुरुष रुंदीचा पट्टा साफ करायचा. गवत, पाला, काटक्या, काही म्हणजे काही ठेवायचं नाही. माती दिसली पाहिजे. आग पट्ट्यापाशी आली की तिला खायला काही मिळत नाही आणि ती मरते. इतकं सोपं.

आग लावतं कोण? सगळे. वाघजाईच्या देवळात बसून शपथ घ्यायला सांगितली तर कुणी कबूल होणार नाही, पण सगळेच. भाताचा तरवा, म्हणजे कोवळी रोपं, वाढवायच्या जागेवर पाला, शेण, टहाळ पसरून ती जमीन भाजायची, त्याला आम्ही राब म्हणतो. बापजाद्यांपासून चालत आलंय. राब भाजताना वारा फिरला की ठिणगी डोंगरावर. शिवाय जुन्या लोकांचा समज की गवत जाळलं की पुढच्या साली दुप्पट येतं. तसं येत नाही. चांगलं गवत जातं आणि गुरं तोंड लावत नाहीत असलं येतं. हे मी तीस वर्षं सांगतो आहे, आणि तीस वर्षं लोक मान हलवून काडेपेटी खिशात घालतात.

एक गिऱ्हाईक तर असं भेटलं. आमच्याच वाडीचा रामचंद्र, मुंबईत गिरणी, मग वॉचमनकी, असं करून म्हातारपणी परत आला. एका दुपारी त्याच्या उतारावरच्या वरकस जमिनीवर धूर दिसला म्हणून धावत गेलो, तर हा दगडावर बसून चहा पितोय.

"काय केलंस रे हे?"

"तात्या, बांधाचा दगड गावत नव्हता. गवत जळलं की दिसंल."

"दिसला का?"

"दिसला की!" असं म्हणून त्यानं बोट केलं. दगड होता खरा. पण तोवर त्याच्या बापानं लावलेली बारा काजूची झाडं आणि शेजाऱ्याची गवताची उडवी गेली होती. त्या आगीतून एक ससा माझ्या पायांमधून गेला. पाठीवरचे केस पेटलेले. तो जिथं जिथं गेला तिथं तिथं गवत पेटत गेलं. मी त्याच्यामागं डहाळी घेऊन धावत होतो. तो जगायला पळत होता आणि मी त्याला मारायला. त्या सशाबद्दल मी घरी कधी बोललो नाही.

आग झोडपताना आवाजाची भीती वाटते. लांबून ऐकलं तर वरंधच्या घाटात भरलेला ट्रक पहिल्या गियरवर चढतोय असं वाटतं. तो आवाज जवळ यायला लागला की पाय आपोआप मागं जातात. पायांना पुढं नेणं, हीच आमची नोकरी.

आता राईचं सांगतो. वाडीच्या डोक्यावर वाघजाईची राई आहे. आंबा, बेहडा, जांभूळ, अंजन, सातवीण, उंबर, आणि माणसाच्या मांडीएवढे गारंबीचे वेल. तिथं कोयता न्यायचा नाही, वहाणा बाहेर काढायच्या, वाळकी काटकीसुद्धा चुलीला आणायची नाही. राईच्या पायथ्याशी झरा. सगळी वाडी त्या पाण्यावर. वर बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी घर करतो, शेकरू आहेत, खवले मांजर एकदा मी डोळ्यानं पाहिलंय. लहानपणी आम्हाला वाटायचं देवीच्या भीतीनं राई टिकली. आता वाटतं राईच्या जिवावर आम्ही टिकलो.

ही राई जळू नये म्हणून तिच्या पश्चिमेच्या अंगानं मी रेघ आखली. माथ्यापासून खाली वाडीपर्यंत, सरळ. दोरी धरल्यासारखी. दर साली मी ती खरवडत असे. खात्याचे साहेब येऊन बघून गेले, दुसऱ्या राउंडचे, म्हणजे शेजारच्या हद्दीतले, मजूर बघायला पाठवले. लोक तिला तात्याची रेघ म्हणायला लागले. पोलादपूरहून येताना वळणावरून ती दिसायची. मी एसटीत बसलेलो असलो तर शेजारच्याला दाखवायचो. खोटं कशाला सांगू, मला त्या रेघेचा गर्व होता.

फक्त एका माणसानं तोंडावर नावं ठेवली. काशी वयनी. माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन वर्षं झाली, ती एकटीच राहते, एक गाय आणि तिचा गोठा, घर राईला अगदी लागून. मी दोन वर्षांचा असताना ती ह्या घरात आली, मला तिनंच वाढवलं, त्यामुळे मला अरे-तुरे करणारी वाडीत ती शेवटची.

पहिल्या साली रेघ काढत होतो तेव्हा ती येऊन उभी राहिली.

"धोंडू, ही अशी सरळ कशाला रे खाली आणलास?"

"मग कशी आणू?"

"जरा आडवी घे. डोंगराच्या पोटानं. पानी कुठं जाईल पावसाचं?"

"वयनी, आडवी घेतली तर दुप्पट लांब व्हते. चार माणसांचं काम हाय हे, चाळीसांचं नाय."

"मग चाळीस आन."

"तू भाकऱ्या भाज गो. रेघा मी काढतो."

ती गेली. जाताना म्हणाली, "भाकरी तरी गोल असते माझी." मजूर हसले. मीही हसलो. आणि रेघ सरळच आणली.

आगीचं मला कळत होतं. पाण्याचं कळत नव्हतं, आणि कळत नाही हेही कळत नव्हतं.

रोपवाटिकेतही माझ्या हातून असंच झालं. वर्षानुवर्षं आम्ही उघड्या डोंगरांना ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्या. ते झाड लवकर वाढतं, हिरवं दिसतं, साहेब खूश. लाखभर रोपं माझ्या हातची असतील. आज त्या बाभळीच्या रानात जाऊन उभं राहा. पाखरू बोलत नाही. खाली गवताची काडी नाही. पाऊस पडला की माती तशीच्या तशी वाहते. ते रान नव्हे, नुसते उभे केलेले खांब.

हे मला समजावून सांगितलं ते नव्या गार्डबाईनं. मी निवृत्त झालो त्यानंतर आमच्या बीटावर साताऱ्याकडची एक मुलगी वनरक्षक म्हणून आली. मोटारसायकलवर फिरायची. मी मनात म्हटलं, ही काय डोंगर चढणार. ती माझ्याआधी माथ्यावर पोहोचली, हे लिहायला मला अजून जड जातं. मी निवृत्त असलो तरी रेघ गावकीतर्फे मीच काढत होतो, म्हणून ती मला भेटायला यायची.

ती म्हणायची, "तात्या, झाड हवेतला कार्बन ओढून खोडात आणि मातीत साठवतं. आपल्यासारख्या उष्ण, पावसाच्या मुलखातलं रान जाळलं की तो सगळा परत वर जातो, हवा तापते. हवा तापली की पाऊस महिनाभर सुखानं पडत नाही, चार दिवसांत कोसळतो."

मी म्हटलं, "मग झाडं लावली की झालं."

"नुसती झाडं नव्हे. बेहड्याचं, उंबराचं बी डोंगरभर टाकतो कोण? धनेश. शेकरू, वटवाघळं. ती गेली की राई म्हातारी होते आणि मागं कुणी राहत नाही. करवंदी, कारवी, वेली, पाल्यातले किडे, हे सगळं मिळून माती धरतं. तुम्ही एक एक काढत जाता आणि म्हणता, झाडं तर उभी आहेत."

मी हसण्यावारी नेलं. पण माझी हयात उघड्यावर गेलेली, मला दिसत होतं. दिवाळीनंतर डोंगर हिरवा असायचा तो आता दिवाळीतच पिवळा. आग पूर्वी शिमग्याच्या आसपास यायची, आता संक्रांतीच्या आत दोनदा धूर. आणि पाऊस तर ओळखू येत नव्हता. महाड-पोलादपुरात डोंगर घरांवर येऊन बसल्याच्या गोष्टी वाचणाऱ्यांना मी सांगायला नकोत. त्या वर्षांपासून आमच्याकडं पावसाचा जोर वाढला की माणसं बोलायची थांबतात. कान छपरावर नसतो, डोंगरावर असतो.

तर एका फाल्गुनात दुपारी पश्चिमेकडून आग आली. वारा असा की ज्वाळा आडव्या. सगळी वाडी डहाळ्या घेऊन रेघेवर उभी राहिली. काशी वयनीसुद्धा कमरेला पदर खोचून. धुरात शेजारचा माणूस दिसत नव्हता. राईतले शेकरू ओरडत होते, तो आवाज माणसाच्या पोरासारखा येतो. मला वाटलं आज राई गेली, झरा गेला, आपण गेलो. आग रेघेपर्यंत आली, उभी राहिली, उंच झाली, आणि मग तिला खायला मिळेना. दोन ठिणग्या पलीकडं पडल्या, त्या बायकांनी पायांनी चिरडल्या. संपलं.

त्या दिवशी मला लोकांनी खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं. वाडीच्या मुंबईकर मंडळाला फोन गेले. आणि गावकीच्या बैठकीत ठरलं की रेघ चांगली ट्रक जाईल एवढी रुंद करायची, मशीन लावून, म्हणजे ठिणगीसुद्धा ओलांडणार नाही. राईच्या हद्दीबाहेरची, काठावरची झाडं आणि करवंदीची जाळी काढावी लागणार होती. गार्डबाई आली आणि हात जोडून म्हणाली, "मशीन नको. काठावरची झुडपं हेच राईचं कुंपण आहे. तात्या, तुम्ही तरी सांगा." जमीन लोकांची खाजगी, तिचा इलाज नव्हता. मी काही सांगितलं नाही. माझी रेघ मोठी होणार होती.

आमच्यात असलं काही करायचं तर देवीला कौल लावतात. देवीच्या पाषाणाला डावी-उजवीकडं ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणं घालायचा मान त्या दिवशी मला दिला. मी मोठ्यानं म्हणालो, "आई, तुझी राई आगीपासून राखायला रेघ रुंद करतो, तुझी आज्ञा हाय का?" उजवी कळी पडली. लगेच. सगळ्यांनी हात जोडले.

आम्ही देवीला आगीचं विचारलं. पाण्याचं विचारलंच नाही. एवढी माणसं बसली होती, एकाच्याही मनात आलं नाही.

मशीन महाडच्या हमीदभाईंचं. त्यांचे ट्रक, टेम्पो, जेसीबी. घाटात दरड पडली की रस्ता मोकळा करायला त्यांचीच माणसं जातात. ते मशीनबरोबर स्वतः आले, रेघेच्या खालच्या टोकाला उभे राहिले आणि वर बघत राहिले. पान थुंकायचंही विसरले.

"तात्या, ही रेघ हाय का नाला हाय?"

"रेघ."

"बीचमें बघा, कंबरभर खोल झालीय. दर साल माती गेलीय. घाटात जिथं जिथं असा सरळ नाला हाय ना, तिथं मी पावसात गाडी थांबवत नाय. ड्रायव्हरला सांगतो, अल्लाचं नाव घे आणि निघ."

"हमीदभाई, तुम्ही रस्ते साफ करा. डोंगर मला ठाऊक हाय."

"ठाऊक हाय तर मग बरं हाय," ते म्हणाले. "माझं मशीन दोन दिवसांत काम करंल. पण तुमचं घर इथं हाय, माझं महाडात. सोचा."

मी विचार केला नाही. मशीन चालवणाऱ्याला पुढं उभं राहून मीच जागा दाखवली. अंजनाची जुनी झाडं मुळांसकट उपटून आली. त्या मुळांना लाल माती धरून होती, ओली, एवढ्या उन्हाळ्यातही ओली. मी ती हातात घेऊन पाहिली आणि टाकून दिली.

त्या साली आषाढात पाऊस सुरू झाला तो पाऊस वाटलाच नाही. वरून कुणी डोह उलटा केला असं. दोन दिवस, दोन रात्री. तिसऱ्या दिवशी सकाळी काशी वयनी दारात उभी. डोक्यावर इरलं, हातात कळशी.

"धोंडू, हे बघ."

कळशीत लाल पाणी.

"नदीचं हाय?"

"झऱ्याचं."

तो झरा कितीही पाऊस पडो, काचेसारखा. पाऊस राईच्या पाल्यात मुरून, गाळून यायचा. तो गढूळ झाला म्हणजे डोंगराच्या पोटात माती हलायला लागली. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण बघितल्याबरोबर कळलं.

मी काठी घेऊन वर निघालो. वयनी मागं. मी म्हटलं, तू थांब. ती म्हणाली, "गप चल." रेघेतून पाणी कमरेएवढं, दगड गडगडत येत होते, म्हणून आम्ही राईतून, मुळांना धरत धरत चढलो. माथ्याशी रेघ जिथं सुरू होते तिथून जरा वर गवतात एक फट दिसली. वीतभर रुंद. आडवी, दोन्हीकडं लांब गेलेली. वरून येणारं पाणी त्या फटीत आत जात होतं. एवढं पाणी, आणि आवाज नाही. बाहेर कुठंही येत नव्हतं. मी माझी काठी आत घातली. माझ्या खांद्याएवढी काठी. पूर्ण गेली. तळ लागला नाही. मी हात आत घातला आणि काठी सोडून दिली, परत काढायची हिंमत झाली नाही.

खाली बघितलं तर फटीच्या सरळ खाली माझी रेघ आणि रेघेच्या खाली वाडी. तीसेक घरं. पहिलं वयनीचं.

आगीसमोर मी कधी बसलो नव्हतो. तिथं मी बसलो. वयनी म्हणाली, "ऊठ. मला येकटीचं कोन ऐकनार हाय? ऊठ रे."

ती शब्दानं बोलली नाही की मी सांगत होते. मला ते फार लागलं.

खाली येऊन मी दार वाजवत सुटलो. वाडीच्या अंगच्या ओढ्यापलीकडं, डोंगराच्या दुसऱ्या सोंडेवर शाळा आहे, तिथं चला म्हटलं. लोक चुलीपुढं बसलेले. कुणी म्हणालं, एवढ्या पावसात म्हाताऱ्यांना कुठं नेणार. रामचंद्र दारातून हलेना.

"तात्या, तुमीच म्हनत व्हता ना, डोंगर मला ठाऊक हाय?"

"म्हनत व्हतो."

"मग आता काय झालं?"

बापापुढं, मास्तरांपुढं, साहेबांपुढं, कुणापुढं मी आयुष्यात हार मानली नाही. पण मागं वाडीची माणसं दारादारांत उभी राहून ऐकत होती, आणि त्यांना हलवायला दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं. मी मोठ्यानं म्हणालो, "माझी रेघ चुकली. मला डोंगर ठाऊक नाय. रेघेनं डोंगर फाडलाय आन् तो खाली येनार हाय. मला शिव्या शाळेत जाऊन द्या."

कुणी शिव्या दिल्या नाहीत. रामचंद्रानं आत जाऊन बायकोला हाक मारली, "ए, भाकऱ्या तशाच बांध."

सगळी शाळेत पोहोचली. वयनी शेवटी आली, गाय हाकत. गोठ्याचं दार तिनं काढूनच टाकलं होतं, का ते तिलाच ठाऊक. दुपार झाली होती. आम्ही शाळेच्या पडवीत उभे होतो आणि पावसातून वाडी धूसर दिसत होती. एकाएकी वास आला. ओल्या मातीचा, मुळं उपटल्याचा, कच्चा वास. मग घाटात ट्रक चढतोय तो आवाज. फक्त हा ट्रक उतरत होता. रेघेच्या माथ्यावरचा डोंगर जागच्या जागी खाली बसला आणि मग चालायला लागला. झाडं उभीच्या उभी चालत आली. रेघेतून खाली, मग राईच्या काठात घुसली. आंबे मोडल्याचे आवाज आले, बंदुकीच्या बारासारखे, एकामागून एक. मी मोजत होतो. का मोजत होतो माहीत नाही. मग आवाज थांबला. बायका रडत होत्या, पण आवाज न करता, डोंगराला ऐकू जाईल अशा भीतीनं.

माणूस एकही गेला नाही. पुढं सुटून आलेल्या पाण्यादगडांत वयनीचा गोठा गेला. घराची एक भिंत गेली. राईची काठावरची झाडं आडवी झाली आणि त्यांच्या मागं घरांएवढा चिखल येऊन थांबलेला. वयनीच्या अंगणापासून वीस पावलांवर. कुणी म्हणतं देवीनं थांबवला, गार्डबाई म्हणते झाडांनी, सरकारी माणूस बघून गेला तो म्हणाला पाऊस उघडला म्हणून थांबला, नाहीतर सांगता येत नव्हतं. वाडीचं नाव धोक्याच्या यादीत आहे. दुसरी जागा बघू म्हणतात. तोवर आम्ही इथंच.

पाऊस सरल्यावर गावकी बसली. ह्या वेळी कौल लावला नाही. मी उभा राहिलो आणि सांगितलं की रेघ बंद करायची. दगडाचे आडवे बांध घालायचे, मध्ये वाळा, बांबू, कारवी, करवंदी, आणि राईतल्याच बिया. बाभळीचं एक रोप दिसलं तर मी उपटून टाकीन. त्या उताराला राब भाजायचा नाही. आणि आगीसाठी घरटी पाळी, पौषापासून पाऊस लागेपर्यंत रोज दोन माणसं माथ्यावर. लोकांनी ऐकलं. चाळीस माणसं कामाला लागली. बांध घालायला दगड हमीदभाईंनी आणून टाकले आणि मला एवढंच म्हणाले, "तात्या, ह्या बार गाडी मी रेघेखालीच लावतो हां." मी म्हटलं, लावा.

म्हणजे आता उन्हाळाभर आगीची भीती, कारण रेघ नाही. मागच्या शिमग्याला माथ्यावर धूर निघाला तेव्हा पाळीच्या माणसांनी हाळी दिली, आणि आम्ही गवतातच आग झोडपून मारली. माझ्या भुवया जळाल्या. राईच्या हद्दीपासून ती एवढी जवळ होती की माझ्या पाठीला अंजनाची फांदी टोचत होती. धनेशाची मादी तेव्हा ढोलीत होती. ढोलीचं तोंड लिंपून आत बसते ती, बाहेर पळता येत नाही तिला. आणि पावसाळाभर पाण्याची भीती. वर जुनी फट आहे, तिच्या दोन बाजूंना गार्डबाईनं खुंट्या ठोकून दिल्यात, मध्ये सुतळी ताणलेली, फट वाढली तर तुटेल अशी. पावसात मी रोज सकाळी जाऊन सुतळी बघतो. नंतर झरा बघतो.

परवाच्या आषाढात पुन्हा तसाच लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर जाऊन आलो. सुतळी होती तशीच. झरा स्वच्छ. खाली आलो तर वयनी दारात उभी. नव्या गोठ्यात गाय हंबरत होती.

"बघून आलास?"

"आलो."

"कसं हाय?"

"सुतळी हाय तशीच. पानी साफ हाय."

"मग राहू का रे आज घरात?"

मी वर बघितलं. ढग एवढे खाली की राईसुद्धा दिसत नव्हती. तीस वर्षं ह्या डोंगरावर चाललो. काहीतरी ठाम सांगावं म्हणून तोंड उघडलं.

"मला नाय कळत, वयनी."

टोमणा येईल म्हणून मी वाट बघत होतो. "बरं," ती म्हणाली, आणि दावं सोडायला गोठ्यात गेली. मी तिचं बोचकं डोक्यावर घेतलं आणि शाळेकडं निघालो. वाटेत चार घरांनी दारातून विचारलं, "तात्या, काय दिसलं वर?"

मी म्हटलं, "काय दिसलं नाय. चला."

त्यांनी चुली विझवल्या आणि दारं ओढून घेतली.